लालबागचा गणिताचा क्लास : पाचपैकी चार

बेस्टमध्ये २९ वर्षं कंडक्टर होतो. गणिताच्या क्लासबद्दल मी काय लिहिणार, असं कुणी म्हणेल. पण पहिल्या दिवशी पोरीसोबत मागे बसून अख्खा तास ऐकला, म्हणून लिहितोय.

पोरगी अकरावी सायन्सला. आधी एका मोठ्या क्लासला घातली होती. एसी हॉल, शंभरावर मुलं, स्क्रीनवर सगळं भराभर. लिमिट्स आल्या, म्हणजे एक्स एखाद्या आकड्याच्या जवळ जवळ नेला की उत्तर कशाकडे जातं ते, आणि तिची गाडी अडली. एक्सच्या जागी आकडा टाकायचा, एवढंच तिला ठाऊक. तुकड्यातुकड्यांचं फंक्शन आलं की तो नेमका कुठल्या ओळीत टाकायचा, तेच कळेना.

हा क्लास चाळीतल्या एका खोलीत. चौदा मुलं, खाली सतरंजी.

सरांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. एक्स २ पेक्षा कमी, तर ३एक्स − १. एक्स बरोबर २, तर ७. एक्स २ पेक्षा जास्त, तर एक्सचा वर्ग + १. "२ ला लिमिट किती?" आमची पटकन म्हणाली, "सात." सरांनी मधल्या ओळीवर तळहात ठेवला. "आता सांग."

मग एकेक आकडा तिच्याकडूनच काढून घेतला. डावीकडून १.९ ला ४.७, १.९९ ला ४.९७. उजवीकडून २.१ ला ५.४१, २.०१ ला ५.०४०१. दोन्हीकडून पाचाकडेच. हात काढून सर म्हणाले, "लिमिट पाच. हे सात नुसतं २ वर बसलंय, लिमिट त्याला विचारतसुद्धा नाही." लिमिट पाच आणि किंमत सात, म्हणून २ ला फंक्शन कंटिन्युअस, म्हणजे न तुटता सलग, नाही.

मला राहवेना. म्हटलं, "सर, मग आमच्या तिकिटाचं काय?" मे २०२५ पासून साध्या बसला ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये, त्यापुढे १० किलोमीटरपर्यंत १५. सरांनी लगेच आलेख काढला. दहाची आडवी रेघ, पाचावर भरीव टिंब. तिथूनच वर पंधराची रेघ, तिच्या सुरुवातीला पोकळ टिंब, म्हणजे पाच तिच्यात धरायचा नाही. डावी लिमिट १०, उजवी १५, जुळत नाहीत, म्हणून पाचला लिमिटच नाही. तिकीट मात्र आहे, दहा रुपयांचं! टप्प्याच्या अलीकडचं तिकीट काढून पलीकडे उतरणारे मी जन्मभर पाहिले, पण त्यांच्यात गणित आहे हे त्या दिवशी कळलं.

आता तक्रारी. छापील नोट्स देत नाहीत, जे काय ते वहीत उतरवा. वेळ सातची, सुरू होतो सव्वासातला. गणपतीत दहा दिवस बंद, लालबागमध्ये दुसरं होणार तरी काय म्हणा. फी महिना अठराशे, जीपे चालतं. जिन्यात दिवा नाही, मुलीला एकटीला पाठवत असाल तर मोबाईल चार्ज करून द्या.