रिशेअर केलेला व्हिडिओ परत सापडायला हवा असेल तर रिपोस्ट, शेअर, फॉरवर्ड की प्लेलिस्ट?

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. आमच्याकडे तासगाव भागात द्राक्षाची फळछाटणी चालू होती, पेस्टिंगला (छाटलेल्या काडीला फूट यावी म्हणून औषध लावायला) माणसं येऊन थांबलेली, आणि मला एक व्हिडिओ हवा होता. काडीची जाडी बघून कितव्या डोळ्यावर, म्हणजे नवी फूट येते त्या जागेवर, कात्री लावायची हे एका बागायतदाराने वेलीजवळ उभं राहून इतकं नीट दाखवलं होतं की तसं मला कुणी तोंडी सांगून कधी कळलं नव्हतं. आदल्या वर्षी मी तो शेअर केला होता हे पक्कं आठवत होतं, पण कुठं केला ते आठवेना. दोन संध्याकाळी शोधण्यात गेल्या, सापडला तेव्हा अर्धी बाग छाटून झालेली.

त्यानंतर मी वर्षभर मुद्दाम लक्ष ठेवून बघितलं की कुठं शेअर केलेलं परत सापडतं आणि कुठं सापडत नाही. खाली लिहिलंय ते त्यातून आलेलं आहे. उदाहरणं द्राक्षाची आहेत कारण माझं रोजचं तेच आहे, पण तुम्ही रेसिपी शेअर करत असाल, कीर्तनं किंवा गडकिल्ले, तरी हिशोब हाच राहतो.

आधी इन्स्टाग्राम, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी रिपोस्टचं बटण आणलं, दोन बाणांचं. पब्लिक अकाउंटचं रील किंवा पोस्ट त्यावर दाबून रिपोस्ट करता येते, ती तुमच्या फॉलोअर्सच्या फीडमध्ये जाऊ शकते आणि तुमच्या प्रोफाइलवर रिपोस्टचा एक वेगळा टॅब तयार होतो. म्हणजे शोधायला जागा एकच, प्रोफाइल उघडा, बाणांचा टॅब उघडा, खाली सरकत जा. काढायचं असेल तर त्या रीलवर तेच बटण परत दाबा, झालं. हे सोपं आहे आणि मला आवडलंय. पण त्या टॅबमध्ये सगळं एकाच ढिगात पडतं, छाटणीचं, भुरी रोगाचं, पुतणीच्या शाळेतल्या नाचाचं, सगळं एकाखाली एक. वीसपंचवीस असतील तोवर ठीक, दोनशे झाले की तुम्ही परत अंगठा झिजवत बसणार.

दुसरी गोष्ट, रिपोस्ट म्हणजे मूळ व्हिडिओकडे दाखवलेलं बोट आहे, व्हिडिओ तुमच्याकडे येत नाही. ज्याने टाकला त्याने उडवला की तुमच्या टॅबमधूनही गेला. हे वाईट की चांगलं ते खाली बोलतो, कारण माझ्या मते सगळा निर्णय याच एका गोष्टीवर आहे.

तेच रील स्टोरीला टाकलं तर २४ तासात दिसेनासं होतं, म्हणून लोक समजतात की गेलं. गेलेलं नसतं. स्टोरी आर्काइव्ह चालू असेल तर ती तिथं राहते, फक्त तुम्हालाच दिसते, आणि तिथं कॅलेंडर आहे! ज्यांच्या आठवणी तारखेला बांधलेल्या असतात त्यांच्यासाठी हे फार कामाचं आहे. मला व्हिडिओचं नाव आठवत नाही, पण दसऱ्याच्या आसपास टाकला होता एवढं आठवतं, आणि कॅलेंडरवर तो आठवडा उघडला की सापडतो. त्यामुळे नुसतं परत सापडण्याच्या बाबतीत मी स्टोरीला रिपोस्टच्या वर ठेवतो. मूळ रील उडालं असेल तर मात्र इथंही उघडणार नाही.

आणि तिसरं म्हणजे सेव्ह. हे कुणाला दिसत नाही, फोल्डर करता येतात. माझे सध्या चार आहेत, एप्रिल छाटणी, फळछाटणी, डावणी-भुरी (द्राक्षावरचे बुरशीचे रोग), विरळणी (घडातले मणी कमी करणं). रिपोस्ट करताना त्याच वेळी सेव्हही करायचं ही सवय लागली तर अर्धा प्रश्न सुटतो. आणि व्हिडिओ नुसता बघितला होता, शेअर केलाच नव्हता असं निघालं, तर युवर ॲक्टिव्हिटीमध्ये आता वॉच हिस्टरी आली आहे, त्यात बघितलेली रील्स तारखेने लावता येतात.

फेसबुकची पद्धत वेगळी. तिथं शेअर केलं की ती तुमची स्वतःची पोस्ट बनते, तुमच्या चार ओळींसकट. ही गोष्ट लोक किरकोळ समजतात पण शोधताना सगळा फरक हिच्यामुळे पडतो, कारण प्रोफाइलमधल्या शोधात तुम्ही लिहिलेले शब्द सापडतात. काही न लिहिता शेअर केलेला व्हिडिओ शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणं. तेच मी वर "गोळी घड, काडी तपासणी, फळछाटणी" एवढं जरी लिहिलं असेल तर पुढच्या वर्षी गोळी घड टाकला की समोर येतो. ज्यांना वर्षानंतर शोधायचंय त्यांनी दोन शब्द लिहिल्याशिवाय शेअरच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आवराआवरीत तर फेसबुक या सगळ्यांत पुढं आहे. ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये जाऊन वर्ष, महिना निवडायचा, नको असलेल्या पोस्टवर एकदम खुणा करायच्या आणि आर्काइव्ह किंवा ट्रॅशमध्ये टाकायच्या. ट्रॅशमध्ये टाकलेलं ३० दिवस राहतं, तोवर परत आणता येतं, मग कायमचं जातं. आर्काइव्ह म्हणजे फक्त तुम्हाला दिसेल असं बाजूला ठेवणं. २०१६-१७ ला काय काय शेअर करून ठेवलं होतं ते मी एका रविवारी बसून आवरलं, एक एक उघडून काढायचं असतं तर मी हात लावला नसता.

पण फेसबुकवर लाइव्हचा एक धोका आहे आणि तो बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. १९ फेब्रुवारी २०२५ पासून नवीन लाइव्ह व्हिडिओ तिथं ३० दिवसच राहतात. ज्याने केला त्याने त्या मुदतीत उतरवून घेतला किंवा त्यातला तुकडा रील म्हणून टाकला तर वाचला. चर्चासत्रं, बागेतले शिवारफेरीचे कार्यक्रम, गावच्या पालखीचं लाइव्ह असं तुम्ही शेअर करून "नंतर बघू" म्हणून ठेवलं असेल तर महिन्यानंतर तुमची पोस्ट असेल, वर लिहिलेले शब्द असतील, आणि खाली कंटेंट उपलब्ध नाही असा डबा. लाइव्ह शेअर केलं की त्याच आठवड्यात बघून वहीत काय टिपायचं ते टिपून घ्या.

आता व्हॉट्सॲप. गावाकडे खरं शेअरिंग इथंच होतं, बाकी सगळं नंतर. इथं व्हिडिओची फाइलच फॉरवर्ड केली असेल तर ती प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरते, मूळ माणसाने पुढं काहीही केलं तरी ती राहते. इन्स्टाग्रामच्या बरोबर उलटं. नुसती लिंक पाठवली असेल तर मात्र परत मूळ जागेवरच अवलंबून.

शोधायला सर्चमध्ये व्हिडिओचा फिल्टर आहे, ग्रुपच्या माहितीत मीडियाचा विभाग महिन्यावार लावलेला असतो. तरी अवघड जातं, कारण फॉरवर्ड आलेल्या व्हिडिओला बहुतेक वेळा खाली एक शब्दही नसतो. मी आता फॉरवर्ड केला की लगेच खाली एक ओळ टाकतो, पीक, काम, महिना. आणि ठेवायचा असेल तो स्वतःलाच पाठवतो, स्वतःला मेसेज करायची सोय २०२२ च्या शेवटी आली, ती माझ्यासाठी बागेची डायरी झाली आहे. फोन भरला असेल तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडा, बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेलं वेगळं काढून दाखवतं, ५ एमबीपेक्षा मोठं वेगळं दाखवतं. आमच्या आबांच्या फोनमधून मी तिथून एका वेळी शेकडो व्हिडिओ काढले. अँड्रॉइडवर बॅकअप आता गुगलच्या १५ जीबी फुकट जागेतच मोजला जातो, त्यामुळे हे अधूनमधून करावंच लागतं.

पण व्हॉट्सॲपचं जे बळ तेच त्याचं संकट. पाठवलेलं सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण अडीच दिवस मिळतात, ग्रुप ॲडमिनला दुसऱ्यांचंही काढता येतं, पण ज्याने पुढं पाठवलं किंवा गॅलरीत ठेवलं त्याच्याकडून काही परत येत नाही. आता इथं मला थोडं थांबायचंय.

औषधाचे व्हिडिओ हा विषय वेगळा आहे. एक्सपोर्टची बाग असेल तर कोणतं औषध चालतं, किती प्रमाण, काढणीआधी किती दिवस थांबायचं, याची यादी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून येते, सगळे तिला अ‍ॅनेक्श्चर ५ म्हणून ओळखतात, आणि ती बदलत असते. गेल्या वर्षीचा बरोबर व्हिडिओ यंदा चुकीचा असू शकतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड म्हणजे आपलं सीसीसी, वेलीची वाढ रोखणारं औषध, त्याचे अंश निघाले म्हणून युरोपात आपली द्राक्षं नाकारली गेली, ते आमच्या भागातला कुणी विसरलेला नाही. माझ्या ओळखीत एकाने ग्रुपवर फिरत आलेला जुना फवारणीचा व्हिडिओ बघून औषध आणलं, सुदैवाने दुकानातून घरी येईपर्यंत कुणीतरी अडवलं. तो व्हिडिओ ज्याने बनवला होता त्याने स्वतःच्या पेजवरून कधीच काढला होता, तरी फाइल ग्रुपाग्रुपातून फिरतच होती.

म्हणून माझी विभागणी सरळ आहे. जे कौशल्य आहे, हाताचं काम आहे, काडी कुठं कापायची, सबकेन (मुख्य काडीवरची उपकाडी) कशी करायची, विरळणी कशी करायची, ते दहा वर्षांनी पण बरोबर राहणार, ते टिकेल अशा जागी ठेवा. आणि जे बदलतं, औषधं, भाव, सरकारी योजना, मुदती, ते कायम लिंकने किंवा रिपोस्टनेच पुढं द्या, फाइल फिरवू नका. मालकाने दुरुस्ती केली की तुमच्या शेअरमध्ये दुरुस्ती येते, त्याने उडवला की तुमच्याकडूनही उडतो, इथं तेच हवंय आपल्याला. दुसऱ्याचा व्हिडिओ उतरवून स्वतःच्या नावावर परत चढवणारे तर दुहेरी नुकसान करतात, मेहनत करणाऱ्याचं नाव जातं आणि दुरुस्तीही पोचत नाही.

युट्यूबवर रिपोस्ट असं काही नाहीये, तरी टिकाऊ ठेवण्याच्या कामात मी त्यालाच पहिला नंबर देतो. प्लेलिस्ट करा, नाव द्या, क्रम लावा, आणि ती पब्लिक ठेवायची, फक्त लिंक असणाऱ्याला दिसेल अशी ठेवायची की एकदम खाजगी, हे तुमच्या हातात. एका प्लेलिस्टमध्ये ५००० पर्यंत व्हिडिओ बसतात, आपल्याला कधी लागणार नाहीत एवढे. मी फळछाटणीची एक प्लेलिस्ट लिंकवाली ठेवली आहे आणि ग्रुपवर दरवर्षी तीच एक लिंक टाकतो, बारा व्हिडिओ बारा वेळा फॉरवर्ड करायची गरज नाही, आणि एखादा जुना झाला की मी प्लेलिस्टमधून काढतो, तो लिंकवरच्या सगळ्यांसाठी निघतो. खोट एकच, मालकाने व्हिडिओ उडवला तर प्लेलिस्टमध्ये त्याचं नावसुद्धा राहत नाही, काय होतं तेही कळत नाही. म्हणून महत्त्वाच्या पाचसहांची नावं वहीत लिहून ठेवा.

एक्स मी फार वापरत नाही. तिथं रिपोस्ट तुमच्या पोस्टमध्येच मिसळून दिसतात, शोधात फक्त तुमचं लिहिलेलं येतं, नुसतं रिपोस्ट केलेलं येत नाही. त्यामुळे स्वतःची ओळ लिहून कोट करा आणि बुकमार्कमध्ये टाका. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, पण बाहेरच्या देशात राहणारे आपले बरेच जण वापरतात, त्यांच्यासाठी एवढंच की तिथंही प्रोफाइलवर रिपोस्टचा टॅब असतो आणि काढायला तो व्हिडिओ उघडून शेअरच्या बटणात रिपोस्ट काढायचा पर्याय येतो.

मग कुणी काय घ्यावं? फक्त मित्रमंडळींना दाखवायचंय, परत नाही सापडलं तरी चालेल, तर इन्स्टाग्रामचं रिपोस्ट पुरे. तारखेवरून आठवणारे असाल तर स्टोरी आणि आर्काइव्ह. वर्षानुवर्षं साठलेलं आवरायचंय आणि शब्दाने शोधायचंय तर फेसबुक, दोन शब्द लिहिण्याच्या अटीवर. घरातल्या वयस्कर माणसांना द्यायचंय तर व्हॉट्सॲपशिवाय इलाज नाही, पण युट्यूबची लिंक द्या, फाइल नको. आणि दरवर्षी लागणारं शिकण्याचं काही असेल तर प्लेलिस्ट, डोळे झाकून.

मी स्वतः आता ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, छाटणीची गडबड सुरू व्हायच्या आधी, एक संध्याकाळ काढतो. रिपोस्टचा टॅब, फेसबुकचा लॉग, ग्रुपमधलं माझं, असं बघत जातो, फवारणीचं जुनं दिसलं की काढतो, आणि ग्रुपवर एक ओळ टाकतो की अमुक व्हिडिओ आता धरू नका, नवीन यादी बघा. यंदा सात निघाले. त्यातले तीन माझ्या लक्षातही नव्हते.