वीस लेव्हलचं मशीन आणि जागची न हललेली वाटी

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी फिजिओ मॅडम म्हणाल्या, "मांडी आवळा." मी आवळली, म्हणजे मला तसं वाटलं. त्यांनी पांघरूण बाजूला करून दाखवलं. मांडी थुलथुलीत, गुडघ्याची वाटी जागच्या जागी. पुन्हा जोर लावला. दात आवळले गेले, मांडी नाही.

एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या पुढच्या अस्थिबंधाची, शस्त्रक्रिया झालेल्यांना हे नवीन नाही. सांध्यात सूज असली की तिथून निघणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूच्या चेतापेशींना मणक्याच्या पातळीवरच गप्प करतात. स्नायू शाबूत असतो, त्याच्यापर्यंत हुकूम पोचत नाही. म्हणून त्वचेवर पॅड लावायचे आणि करंटने ती चेता बाहेरून जागी करायची, हा उपचार आहे आणि तो खरा आहे. मॅडमनीही तो सुचवला होता, त्यांच्याकडे येऊन करायचा. पण कुबड्या घेऊन आठवड्यातून तीनदा जिने उतरायचे या कल्पनेनेच मला घाम फुटला. मी मोबाइलवर घरी वापरायची मशीनं शोधायला लागले. शोधलं एकदाच, जाहिराती पंधरा दिवस मागे लागल्या.

एकीत नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन. स्वतःला 'डॉक्टर' म्हणवणारा, आवाज एकदम आपुलकीचा. "ताई, ऑपरेशन कधी झालं? वाटी वर सरकते का?" हा प्रश्न ऐकून मी विरघळलेच. याला सगळं कळतंय! त्याने पत्रक पाठवलं. त्यावर रशियन खेळाडूंचा उल्लेख, 'एफडीए रजिस्टर्ड' (एफडीए म्हणजे अमेरिकेची औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) असा सोनेरी शिक्का, आणि एका अभ्यासाचा आकडा: विद्युत उत्तेजन घेतलेल्या रुग्णांच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या 70 टक्क्यांवर आली. 21 दिवसांत फरक, नाहीतर पैसे परत.

मशीन आलं. तळहाताएवढा डबा, दोन वायरी, चार छोटे पॅड आणि 1 ते 20 लेव्हल. पहिल्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉलवर सगळं लावून घेतलं. आधी वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण करून मांडीचा घेर मोजायला लावला. मी टेप धरला तर म्हणतो, "जरा ओढून धरा, ताई, सैल नको." वीस मिनिटं मुंग्या आल्या. मग पुन्हा मोजायला लावलं, या वेळी म्हणतो, "आता नुसता टेकवा, स्नायू दाबू नका." घेर अर्धा सेंटिमीटर वाढलेला! मी लगेच दादाला फोटो पाठवला. टेप दोन वेळा दोन तऱ्हांनी धरला होता हे मला पुढे कितीतरी दिवसांनी, रात्री झोप लागत नसताना, लक्षात आलं. शिवाय सुजलेल्या पायाचा घेर वाढला तर त्यात आनंदाचं काय होतं, हेही त्या दिवशी सुचलं नाही.

खरं नुकसान त्याच्या पुढच्या वाक्याने केलं. "मशीन काम करतंय तोवर व्यायामाने मांडी थकवू नका. तुम्ही फक्त पडून राहा." दुखत असलेल्या माणसाला यापेक्षा गोड काय ऐकवणार? मी फिजिओच्या दोन भेटी रद्द केल्या. मग तिसरीही.

सहाव्या आठवड्यात सर्जननी पाय बघितला आणि काही न बोलता मला फिजिओकडे पाठवलं. मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "मशीन आणलंय ना? लावा." मी लेव्हल 20 वर नेलं. त्यांनी वाटीच्या कडेला बोट ठेवलं, आवर्तन पूर्ण होईपर्यंत थांबल्या. "मुंग्या येतायत?" "हो." "बोटाला काहीच लागत नाही. हे टेन्स आहे. वेदनेसाठी वापरतात. ताकदीशी याचा संबंध नाही."

मग त्यांनी त्यांचं मशीन जोडलं. पॅड माझ्या पॅडच्या चौपट, पाय खुर्चीला पट्ट्याने बांधलेला. 75 हर्ट्झ, 10 सेकंद चालू, 50 सेकंद बंद. करंट हळूहळू चढवत नेला. आधी मुंग्या, मग थरथर, आणि एकदम मांडी लाकडासारखी. नडगी पट्ट्यावर जाऊन दाबली गेली, मी ओरडले. "आता तुम्हीपण आवळा, त्याच्याबरोबर!" असं दहा वेळा. पाच आठवड्यांत त्या डब्याने यातलं एकदाही केलं नव्हतं.

पत्रकातला आकडा मात्र खोटा नव्हता, आणि मला सगळ्यात चीड त्याचीच येते. तो अभ्यास 1995 सालचा, एसीएलच्या 110 रुग्णांवरचा. 70 टक्के किंवा जास्त आले ते दवाखान्यातल्या जोरदार करंटच्या गटांचे. त्याच अभ्यासात नुसता जोमाने व्यायाम केलेला गट होता, तो 57 टक्क्यांवर. आणि कमी तीव्रतेच्या करंटचा एक गट होता. तो 51 वर, सगळ्यांच्या मागे. म्हणजे मला माझ्या मशीनची जाहिरात म्हणून जो कागद दाखवला, तोच माझ्या मशीनच्या विरोधात होता. एक ओळ उचलली, बाकीच्या गाळल्या. शिक्क्याचंही तेच. एफडीएकडे कंपनीने नाव नोंदवलं म्हणजे वस्तूला मान्यता मिळाली असं होत नाही. ही संस्था अशी प्रमाणपत्रं वाटतच नाही.

छोटी मशीनं सगळी टाकाऊ असतात असं मात्र नाही. घरी वापरायची चांगली यंत्रं आहेत, माझ्या मॅडम काही जणांना देतातही. पण त्यांवर करंट मिलिअँपिअरमध्ये लिहिलेला असतो, पल्स मायक्रोसेकंदांत, हर्ट्झ किती, चालू-बंद वेळ किती, सगळं. माझ्या डब्यावर नुसतं 'लेव्हल'. लेव्हल म्हणजे किती, हे मी त्या 'डॉक्टर'ला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुम्ही टेक्निकलमध्ये नका पडू." हा प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारायचा होता.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, परतीची मुदत सात दिवस. आणि गुण यायचा तो एकविसाव्या दिवशी! शिवाय पॅडचं पाकीट फोडलेलं, म्हणून स्वच्छतेच्या कारणाने घेता येत नाही. पाकीट न फोडता लावायचे कसे, ते नाही सांगितलं. ग्राहक तक्रार केली आहे, चालू आहे. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड केला नाही याची हळहळ वाटते.

दादा म्हणाला, निम्म्या किमतीत विकून टाक. त्याआधीच मावशीचा फोन येऊन गेला होता: तुझं ते मशीन पडूनच आहे ना, माझ्या पाठीला लावून बघते. मावशीला पेसमेकर आहे. पेसमेकर, गरोदरपण, पायातली रक्ताची गुठळी, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं यंत्र अंगाला लावायचं नसतं, आणि मला विकताना त्या माणसाने यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता. मी कात्रीने दोन्ही वायरी कापल्या, पॅड कचऱ्यात टाकले. डबा तेवढा ठेवलाय, तक्रारीच्या सुनावणीला न्यायचाय.