महूचा सुती वेब बेल्ट आणि पितळी बक्कल: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

आधी ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं ते सांगतो. ७२९ रुपयांचा काळा नायलॉनचा "टॅक्टिकल" बेल्ट ऑनलाइन मागवला होता, तो भर ड्युटीवर तुटला. पट्टा शाबूत, तुटलं ते बक्कल. मी पिथमपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, कमरेला पक्कड, टेस्टर, टेप, मोबाईल असं सगळं असतं, शिडीवर चढताना कट् आवाज आला आणि पाऊचसकट सगळं खाली. बघितलं तर बाजूच्या क्लिपचा दात मुळातून उडालेला आणि आतून धातू करडा, दाणेदार. जस्ताचं ओतकाम, वरून काळा रंग, बस. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की मेटल पार्ट वॉरंटीत येत नाही. अरे बेल्टला मेटल पार्ट म्हणजे बक्कलच, मग वॉरंटी दिली कशाची? चार वेळा तेच तेच लिहून झालं, पैसे काही आले नाहीत. ७२९ रुपये म्हणजे काही रस्त्यावर पडलेले नसतात.

बरं, त्या डिझाईनला मी वाईट म्हणणार नाही. ते ज्याची नक्कल आहे ते कोब्रा बक्कल, ऑस्ट्रियाच्या ऑस्ट्रिआल्पिन कंपनीचं, ते ७०७५ नावाच्या मजबूत ॲल्युमिनियमचं असतं, दोन्ही बाजूच्या क्लिपा एकदम दाबल्याशिवाय उघडत नाही आणि अंगावर ताण असताना तर दाबूनही उघडत नाही, म्हणून तर जिवाशी खेळ असलेल्या कामात वापरतात. नक्कल करणाऱ्यांनी आकार उचलला, धातू नाही उचलला.

मग येताना महूला थांबलो. महू म्हणजे १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर वसवलेली छावणी, आजही इन्फंट्री स्कूल तिथेच आहे, त्यामुळे बाजारात बूट, बॅज, बेल्ट यांची दुकानं आहेतच. तिथे १८० रुपयांना खाकी सुती वेब बेल्ट, म्हणजे जाड विणलेल्या पट्टीचा बेल्ट मिळाला, पितळी बक्कलवाला, सव्वा इंच रुंदीचा. अमेरिकन सैन्यातला पँटचा वेब बेल्टही याच रुंदीचा. भोकं नाहीत, काटा नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ह्या बक्कलमधल्या एका दांडीवर.

चौकट म्हणजे पातळ पितळी डबी. एका टोकाला दातेरी चाप, तो पट्ट्याचं एक टोक चावून धरतो. दुसऱ्या टोकाला तिरक्या खाचेत एक सुटी गोल दांडी. पट्ट्याचं मोकळं टोक दांडी आणि डबीच्या मधून ओढून घ्यायचं, संपलं. पोटाचा ताण आला की पट्टा मागे सरकू बघतो, सरकताना दांडीलाही अरुंद बाजूला ओढतो, आणि दांडी त्याच पट्ट्याला आणखी दाबते. जितका ताण जास्त तितकी पकड जास्त. सोडायचा असेल तर दांडी बोटाने ढकलायची. स्प्रिंग नाही, क्लिप नाही, तुटायला काही ठेवलेलंच नाही. आणि कंबर सकाळी एक, जेवणानंतर एक, तरी अडचण नाही, कारण भोकच नाही.

पण पावसाळ्यात माझं मत फार वाईट झालं होतं, तेही लिहितो. सुती पट्टा भिजला की रात्रभर वाळत नाही, सकाळी दमट, वास येतो, पांढऱ्या शर्टावर खाकी डाग. म्हणलं नायलॉनच बरा होता. सैन्यालाही हेच भोगावं लागलं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात सुती वेबिंग, म्हणजे सैनिकाचा विणलेल्या पट्ट्यांचा आणि पाऊचचा सेट, कुजायचं, म्हणून इंग्रजांनी खास त्या भागासाठी १९४४ चा पॅटर्न, म्हणजे नवा ठरवलेला सेट काढला, हलका आणि कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेला. अमेरिकन तर व्हिएतनाम युद्धाच्या वेळी १९६७ ला नायलॉनवर गेले आणि १९७३ च्या ॲलिस नावाच्या पट्टा-पाऊचच्या सेटमध्ये नायलॉन कायमचा झाला. वाळतो लवकर, कुजत नाही, यात वादच नाही.

मग मत बदललं कशामुळे? त्याच पितळी बक्कलमध्ये मी जुन्या तुटलेल्या बेल्टचा नायलॉन पट्टा कडा कापून, जाळून बसवून बघितला. सरकतो! हत्यारं लटकवली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोटभर ढिला. नायलॉनचा धागा गुळगुळीत, दांडीला पकडायलाच काही मिळत नाही. सुताचा धागा खरखरीत, आणि भिजला की फुगतो, म्हणजे पावसात उलट जास्तच घट्ट धरतो. त्या दिवसापासून मी वासासाठी बेल्टवर चिडणं सोडलं, घरी दोन ठेवले, आलटूनपालटून.

आता थोडं मागचं, कारण हे कळल्याशिवाय कापडी पट्ट्याची किंमत कळत नाही. सैन्यं चामडंच वापरायची. चामड्याच्या फासात पितळी काडतुसं ठेवली की चामडं कमावताना वापरलेल्या टॅनिनमुळे पितळेवर हिरवा गंज चढायचा, काडतूस फासात चिकटून बसायचं. अमेरिकन अधिकारी अँसन मिल्स याने १८६७ ला काडतुसांच्या पट्ट्याचं पेटंट घेतलं, तेव्हा फास चामड्याचेच होते, पण पुढे पट्टा आणि फास एकदमच मागावर विणून काढायचं तंत्र त्याने आणलं. शिवणच नाही, तर उसवणार काय? मला हा सगळ्यात मोठा विचार वाटतो, बंदुकांवर एवढं लिहितात लोक, यावर कोणी लिहीत नाही. बोअर युद्धात इंग्रजांच्या चामडी सामानाची दैना झाली, आणि मग मिल्सच्या कंपनीबरोबर मेजर बरोज यांनी १९०८ चा पॅटर्न बसवला, तीन इंची पट्टा, दहा पाऊच, एकेकात १५ गोळ्या म्हणजे १५०. सगळं वजन पट्टा आणि खांद्यावरच्या पट्ट्यांत वाटलेलं, पुढचं बक्कल सोडलं की जाकिटासारखं सगळं एकदम उतरायचं. १९१४ ला महायुद्ध लागलं तेव्हा वेबिंगचा पुरवठा पुरेना म्हणून परत चामड्याचा सेट काढावा लागला, एवढी मागणी.

मग १९३७ चा पॅटर्न, सव्वादोन इंची पट्टा, ब्रेन गन या हलक्या मशीनगनची मॅगझिन मावतील असे मोठे पाऊच. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात हा बनतही होता. एनसीसीत ज्यांनी रुंद वेब बेल्ट घातलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल, पुढे दोन पितळी तुकडे एकमेकांत अडकतात आणि माप आतल्या बाजूच्या हुकांनी आधीच लावून ठेवायचं. परेडला उत्तम, कारण बक्कल बरोबर मध्यावरच राहतं. रोजच्या पँटला मात्र उपयोग नाही, दर वेळी हुक कोण काढत बसणार.

परत दांडीवर येतो. उन्हाळा लागल्यावर बेल्ट हळूहळू ढिला पडायला लागला, मी घाबरलो की हाही गेला. तसं नव्हतं. रोज त्याच जागी दांडी बसून तिथलं सूत चपटं, चकचकीत झालं होतं. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार काका आहेत, त्यांना दाखवला. ते म्हणाले, "अरे चाप उघड, तिकडून इंचभर काप, परत लाव, दांडीला नवीन जागा मिळेल." केलं, झालं. पहिल्या दिवशीसारखी पकड. १८० रुपयांच्या वस्तूत ही सोय आहे आणि ७२९ च्या वस्तूत नाही, हे मला अजून पचत नाही. म्हणून घेताना पट्टा कंबरेपेक्षा वीतभर लांबच घ्या, दुकानदार कापून देतो म्हणाला तरी कापू देऊ नका.

दांडी गुळगुळीत असलेली घेऊ नका, तिच्यावर बारीक रेघा हव्यात, नखाने लागतात. माझ्या दुसऱ्या बेल्टची दांडी गुळगुळीत आहे, तो फक्त लग्नाकार्याला चालतो. आणि बक्कल पितळीच आहे का ते बघा. चुंबक चिकटला तर लोखंडावर मुलामा, सरळ ठेवून द्या. नाही चिकटला तरी जस्त असू शकतं, म्हणून आतल्या बाजूला खिळ्याने बारीक ओरखडा काढून बघायचा, पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर तेच जे माझ्या शिडीवर तुटलं. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे, पैसे आपले आहेत.

पितळ चमकवायचं ब्रासो लावताना पट्टा बक्कलमधून काढूनच लावा, नाहीतर सुतावर काळे डाग बसतात आणि ते निघत नाहीत. टोकाची पितळी टोपी सुटायला आली की पकडीने दाबून घ्या, ती गेली की धागे उसवतात आणि दांडीखालून पट्टा ओवता येत नाही. एवढं सांभाळलं तर माझा अजून कुठे उसवलेला नाही, रोज वापरात आहे, हत्यारांसकट.