दोन पंपांचा कंट्रोलर, सहा महिन्यांनंतर: लाईट गेली की पाळी विसरतो

आमची सोसायटी सिंहगड रोडला. जुलै २०२४ मध्ये या भागात पाणी शिरलं, त्या रात्री बेसमेंटच्या खड्ड्यातला एक नंबरचा पंप ट्रिप झाला आणि दोन नंबर सुरूच होईना. कोणता पंप चालवायचा ते ठरवणारा सिलेक्टर स्विच वर्षभर एकवरच होता, त्यामुळे दुसरा पडून पडून जाम झालेला. म्हणून कमिटीच्या मागे लागून यंदा मे महिन्यात हा आलटून-पालटून पंप चालवणारा कंट्रोलर घ्यायला लावला.

बसवणाऱ्याने पहिला फ्लोट (पाण्याच्या पातळीनुसार पंप सुरू-बंद करणारा तरंगता स्विच) सुरू-बंदमध्ये फक्त २० सेंमी अंतर ठेवून लावला. खड्डा दीड बाय दीड मीटर, म्हणजे तेवढ्या अंतरात ४५० लिटर. पंप मिनिटाला ३०० लिटर उपसतो. येणारं पाणी याच्या निम्मं असलं की सगळ्यात वाईट: तीन मिनिटांत भरतो, तीन मिनिटांत रिकामा, तासाला दहा स्टार्ट. अंतर ४० सेंमी केलं तर पाचच. त्यात पाळी लावली की एका पंपाच्या वाट्याला अडीच. वारंवारच्या स्टार्टच्या करंटने मोटारीचं वायंडिंग तापून जळू शकतं, म्हणून हे आधी करा.

आता खरं दुखणं. ऑगस्टमध्ये प्रत्येक पंप किती तास चालला ते पाहिलं: एक नंबर ४१, दोन नंबर १४. सेटिंग तर 'दर स्टार्टला पाळी' असंच होतं! दोन दिवस पॅनलसमोर उभा राहिलो तेव्हा उलगडा झाला. लाईट गेली की हा कुणाची पाळी होती ते विसरतो आणि परत एकपासून सुरुवात करतो. रिमझिम असताना पंप दिवसातून तीन-चारदाच लागतो, मध्ये लाईट जातेच, की पुन्हा एक नंबर. ज्या कारणासाठी पैसे मोजले तेच होत नव्हतं. सर्व्हिसवाले म्हणाले, "साहेब, सगळ्यांचं असंच असतं." वर व्हिजिटचे ८५० मागितले. दिले नाहीत.

कंट्रोलर १२ व्होल्ट डीसीवर चालतो, म्हणून वाय-फाय राउटरचा छोटा यूपीएस लावला. १,४०० रुपये, एकदाच. पाळी लक्षात राहू लागली, पण नवीन भानगड: लाईट नसताना तो पंपाला हुकूम सोडायचा, करंट दिसला नाही की 'पंप फेल' म्हणून त्याला बाजूला काढायचा. आमच्या वायरमनने फेज रिलेचा (लाईट आहे की नाही ते ओळखणाऱ्या रिलेचा) कॉन्टॅक्ट कंट्रोलरच्या इनपुटला जोडला, तेव्हा ते थांबलं. लाईट आल्यावर दोन्ही पंप एकदम उठू नयेत म्हणून दुसऱ्याला दहा सेकंद उशीर दिलाय.

माझं मत आता बदललंय. जोरदार पावसात पातळी वर चढली की दुसरा पंप मदतीला अगदी वेळेवर येतो, बेसमेंट यंदा कोरडं राहिलं. काल तास पाहिले: ६६ आणि ३९. ऑगस्टपासून दोघांचे बरोबर पंचवीस-पंचवीस.

घेणार असाल तर पैसे देण्याआधी एक नंबरचा पंप सुरू करून बंद होऊ द्या, मेन स्विच पाडा, परत चालू करा आणि पुढचा नंबर कोणता येतो ते स्वतः बघा.