किचनच्या फ्लोअरिंगमध्ये माझी फसवणूक झाली, मेस आणि कॅटरिंगवाल्यांनी प्लीज वाचा

भोसरीत माझी मेस आहे, एमआयडीसीतल्या दोन कंपन्यांना रोज दीडशे डबे जातात. २०२३ ची गोष्ट. तोवर माझं साधं शंभर रुपयांचं एफएसएसएआय (अन्न सुरक्षेचं सरकारी खातं) रजिस्ट्रेशन होतं, पण ते तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीपुरतंच होतं, आणि कंपनीच्या एचआरवाल्यांनी सांगितलं की ताई लायसन्स आणा नाहीतर पुढच्या महिन्यापासून ऑर्डर बंद. मी घाबरले. त्याच घाईत ओळखीतून एक फ्लोअरिंगवाला आला.

त्याने जुनी फरशी बघितली आणि म्हणाला, या फरशीवर लायसन्स मिळणारच नाही, एफएसएसएआय अप्रूव्ड इपॉक्सीच (फरशीवर द्यायचा रेझिनचा कडक थर) लागते. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट दाखवलं, वर लोगो, खाली चौदा आकडी नंबर. साडेचारशे स्क्वेअर फूट, १४० रुपये भाव, म्हणजे ६३ हजार, त्यात तीन मिलिमीटर जाडी असं तोंडी ठरलं. ४५ हजार ॲडव्हान्स दिले, बिल मागितलं तर वहीच्या पानावर लिहून दिलं, "किचन फ्लोअर काम" एवढंच. इथेच मी चुकले.

काम एका रात्रीत झालं. दोन पोरं आली, फरशी ॲसिडने धुतली आणि भिंतीला मारतात तसा रोलरने हिरवा रंग मारून गेली. आता मला माहितीये की जाड इपॉक्सी फरशीवर ओततात आणि दातेरी पट्टीने पसरवतात, त्याच्याआधी जुना थर मशीनने घासून काढावा लागतो, कारण वर्षानुवर्षं तेल प्यायलेल्या फरशीला काहीच चिकटत नाही. रोलरने मारलेला थर कागदाएवढा असतो हो, तीन मिलिमीटर कुठून होणार? पण सकाळी चकाचक दिसत होतं, मी उरलेले १८ हजारही देऊन टाकले.

लायसन्स आलं. दीड महिन्याने भाताची पेज जिथे निथळते तिथे फोड आले. उकळतं पाणी रोज एकाच जागी पडतं, साधं इपॉक्सी ते सोसत नाही, मऊ पडतं. मग पापुद्रे सुटायला लागले, बायकांच्या चपलेला चिकटून सगळीकडे जायचे, आणि एक दिवस कणकेच्या परातीत नखाएवढा हिरवा तुकडा सापडला. मावशींनी तो हातात घेऊन मला दाखवला तेव्हा पोटात गोळा आला, तो कोणाच्या पोळीत गेला असता तर? अख्खी कणीक टाकून दिली. त्याला पन्नास फोन केले, आधी उद्या येतो परवा येतो, मग नंबरच बंद.

पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन आलं. अन्न सुरक्षा अधिकारी मॅडमनी पापुद्रे बघितले आणि सांगितलं की आता पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडून सुधारणा नोटीस येईल, चौदा दिवसांची. मी रडवेली होऊन ते सर्टिफिकेट पुढे केलं, त्या म्हणाल्या, अहो फरशीला एफएसएसएआय अप्रूव्हल नसतंच, हा नंबर खाद्यपदार्थांच्या धंद्याला मिळतो. त्यांनी तिथेच फॉसकॉस या एफएसएसएआयच्या लायसन्सच्या साइटवर नंबर टाकला, तर तो कुठल्यातरी फरसाणवाल्याचा निघाला! कुणीही फुकट चेक करू शकतं ते, दोन मिनिटांचं काम, आणि मी ६३ हजार द्यायच्या आधी केलं नाही.

त्यांनीच मला शेड्यूल ४ समजावून सांगितलं. एफएसएसएआयच्या २०११ च्या नियमांमध्ये आहे ते. त्यात कुठल्या कंपनीचं किंवा कुठलं मटेरियल असं काही नाही, फरशी धुता येणारी हवी, घसरडी नको, पाणी जाळीकडे वाहून जाईल असा ढाळ हवा, भिंती आणि छत गुळगुळीत, रंग किंवा गिलाव्याचे पोपडे नकोत. बस. म्हणजे माझ्या जुन्या फरशीचे फुटलेले तुकडे बदलून सांधे नीट भरले असते तरी भागलं असतं, आणि मी पैसे देऊन नेमके पोपडेच विकत घेतले.

मग चार दिवस मेस बंद, डबे ओळखीच्या दुसऱ्या मेसमधून नेले. ग्राइंडरने रंग खरवडला, फुल बॉडी अँटीस्किड टाइल्स बसवल्या, सांध्यात सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट, कारण साधा सिमेंटचा सांधा तेल पितो आणि काळा पडतो. भिंत आणि फरशी मिळते तिथे गोलाई करून घेतली, त्या कोपऱ्यात आता कणीक अडकत नाही. गवंड्याला पैसे द्यायच्या आधी मी बादलीभर पाणी ओतून बघितलं, सगळं जाळीत गेलं.

ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर वकील म्हणाले पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला धंदा असेल तर जाता येतं, पण बिल कुठंय? माझ्याकडे ते वहीचं पान, त्यावर ना जाडी, ना मटेरियलचं नाव, ना त्याची सही. तुमच्याकडे कोणी असं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट घेऊन आला तर आधी त्यावरचा नंबर टाकून बघा, आणि किती मिलिमीटर ते पक्क्या बिलावर लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. भोसरी, चाकण, मोशी भागात तो अजून फिरतोय असं ऐकलंय.