इस्टिमेशन व बिलिंगचा तीन महिन्यांचा वर्ग : मोजमाप पक्के, दर कच्चे, पगाराची माहिती अर्धी

छत्रपती संभाजीनगरात स्थापत्य पदविका किंवा पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी इस्टिमेशन (कामाला किती साहित्य आणि पैसा लागेल याचा अंदाज) आणि बिलिंगचे (झालेल्या कामाची बिले काढणे) खासगी वर्ग चालतात. त्यांपैकी एका तीन महिन्यांच्या वर्गाला माझी भाची गेल्या वर्षी जात होती. मी स्वतः येथल्याच एका कंत्राटदाराच्या कार्यालयात निविदा आणि बिलांचे काम पाहतो. त्यामुळे तिच्या वह्या, सोडवलेली उदाहरणे आणि वर्गात दिलेली एक्सेलची पत्रके मी बारकाईने पाहिली आहेत. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही. जे लिहितो आहे ते प्रवेश घेण्यापूर्वी कोणत्याही अशा वर्गात विचारून घेण्यासारखे आहे.

चांगले आधी सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. मोजमाप घेण्याचे शिक्षण या वर्गात मन लावून दिले जाते. दुमजली घराचा एकच नकाशा महिनाभर समोर ठेवून, मोजून झालेली प्रत्येक भिंत रंगीत पेन्सिलीने खुणवायला लावतात, म्हणजे एकही भिंत सुटत नाही आणि दोनदा धरलीही जात नाही. आय.एस. १२०० या बांधकाम मोजण्याच्या भारतीय मानकातील वजावटीचे नियम पाठ करून न घेता करून दाखवले जातात. गिलाव्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीची (भिंतीतील दार-खिडकीसारख्या मोकळ्या जागेची) वजावट करायची नाही. त्याहून मोठ्या, पण ३ चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीची वजावट, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असल्यास, एकाच बाजूने करायची आणि कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत. त्यापुढच्या उघाडीला दोन्ही बाजूंची वजावट करून कडा मोजून मिळवायच्या. भाचीच्या वहीत १ बाय २.१ मीटरचा दरवाजा आणि दुकानाचे ३ बाय २.४ मीटरचे शटर शेजारी शेजारी सोडवलेले आहे. ती दोन उदाहरणे पाहिली की नियम पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. सळईचे मीटरमागे किलोतील वजन, मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने काढून, जालन्याच्या मिलमधून आलेल्या गाडीच्या काटापावतीशी ताडून कसे पाहायचे, हेही तेथे शिकवले. पदविकेच्या अभ्यासक्रमात एवढ्या सावकाशीने हे होत नाही.

दरपृथक्करणाकडे, म्हणजे साहित्य, मजुरी आणि वाहतूक मांडून एकेका बाबीचा दर काढण्याकडे, वळले की मात्र वर्गाची पकड सुटते. दिलेली सगळी पत्रके केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दिल्ली दरसूचीवर (बांधकामाच्या बाबींच्या ठरवून दिलेल्या दरांच्या यादीवर) बेतलेली आहेत. सिमेंट, वाळू, खडी किती लागते याचे गुणांक त्यातून समजतात, हे मान्य. पण मराठवाड्यातील मुलाला पहिली दोन-चार वर्षे ज्या निविदा हाताळायच्या असतात त्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या असतात, आणि त्या राज्याच्या दरसूचीवर चालतात. बी-१ निविदेत एकूण रकमेवर किती टक्के कमी किंवा जास्त भरायचे आणि बी-२ निविदेत बाबनिहाय दर कसे भरायचे, हा फरक वर्गात एका तासात आटोपला. वाळूचा ठेका बंद असताना ती कोठून आणायची, खाणीपासून कामापर्यंतचे वाहतूक अंतर किती धरायचे, काळ्या मातीत पाया किती खोल जाईल आणि मुरुमाची भर किती लागेल, एप्रिल-मे महिन्यांत क्युरिंगसाठी (काँक्रीट भिजत ठेवण्यासाठी) टँकरने पाणी आणावे लागले तर घनमीटरमागे किती रुपये वाढतील, हे प्रश्न एकदाही आले नाहीत. आमच्या भागात कामाचा नफा-तोटा याच प्रश्नांवर ठरतो.

हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण पगाराची वाढही तेथेच अडते. परिमाणे अचूक काढणारा मुलगा कोणत्याही कार्यालयाला हवा असतो, पण त्याच्या जागी दुसरा मिळतो. ‘हा दर का धरला’ असे मालकाने किंवा उपअभियंत्याने विचारल्यावर कोटेशन, अंतर आणि मजुरी समोर ठेवून जो उत्तर देऊ शकतो, त्याला सोडायला कोणी तयार नसते.

वर्गाच्या माहितीपत्रकात ‘सुरुवातीचे पॅकेज ३ लाख’ असे ठळक छापलेले आहे. तो आकडा अशक्य नाही. पुण्यातील एका कंपनीने भाचीला तेवढेच देऊ केले होते. तिने विचारले, “मामा, हातात किती येतील?” आणि हे वर्गात कोणी सांगितलेले नव्हते. वर्षाचे ३ लाख म्हणजे महिन्याचे २५,०००. भविष्यनिर्वाह निधीसाठी १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली तर कंपनीच्या वाट्याचे १,८०० त्या पॅकेजमध्येच मोजलेले असतात आणि कर्मचाऱ्याच्या वाट्याचे १,८०० पगारातून जातात. राहिले २१,४००. पुरुष कर्मचाऱ्याचा त्यातून २०० रुपये व्यवसायकरही कापला जातो. महाराष्ट्रात महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता पॅकेजमध्ये धरला असेल तर रक्कम आणखी खाली येते. त्याच सुमारास येथल्या एका कंत्राटदाराने तिला रोख १६,००० सांगितले होते. पुण्यातील खोलीभाडे आणि खानावळ वजा केल्यावर दोन्हींत फारसे अंतर उरत नव्हते.

अशा वेळी पगाराच्या आकड्याआधी काम काय मिळणार ते विचारावे, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या वर्षात मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) लिहायला मिळते का, चालू बिल (काम सुरू असताना टप्प्याटप्प्याने काढायचे बिल) स्वतः तयार करून ते विभागाकडून तपासून घ्यायला पाठवतात का, की नुसते नकाशावरून आकडे काढत बसवतात? साधारणपणे साइटवर मोजमाप, मग बिलिंग, मग निविदेसाठी दर काढणे आणि पुढे करार, वाढीव बाबी व दाव्यांचे काम अशी वाट असते. पहिल्या टप्प्यात पगार हळू वाढतो. दर काढण्याची जबाबदारी अंगावर आली की तो उडी घेतो, आणि ती उडी बहुधा नोकरी बदलताना मिळते. वर्गाने ही वाट एका तक्त्यात दाखवली आहे, पण एका पायरीवरून दुसरीवर जाण्यासाठी काय यायला हवे, ते लिहिलेले नाही.

सरकारी भरतीची तुलनाही वर्गाने करून द्यायला हवी होती, कारण घरोघरी तीच होते. राज्य शासनात स्थापत्य अभियांत्रिकी सहायकाचे मूळ वेतन २५,५०० पासून आणि कनिष्ठ अभियंत्याचे ३८,६०० पासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता वेगळा. खासगी कार्यालयात तेथवर पोचायला वेळ लागतो, हे विद्यार्थ्याला स्वच्छ सांगावे. शहराजवळच्या वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत सुट्या भागांच्या किंमतनिर्धारणाची कामे असतात. कच्च्या मालाचे वजन, सायकल टाइम (एक भाग तयार व्हायला लागणारा वेळ) आणि मशीनचा ताशी दर यांवर चालणाऱ्या त्या कामाचा वर्गात उल्लेखही नाही.

पदविकेच्या शेवटच्या वर्षातील किंवा नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने केवळ मोजमाप आणि सळईच्या तक्त्यांसाठी हा वर्ग जरूर करावा. १८,००० रुपये शुल्क तेवढ्यासाठीही वाजवी आहे. साइटवर वर्षभर काम केलेल्याने मात्र प्रवेश घेण्यापूर्वी दरपृथक्करणाची पत्रके पाहायला मागावीत आणि ती राज्याच्या चालू दरसूचीवर नसतील तर ते पैसे राखून ठेवावेत. भाचीने येथलीच नोकरी घेतली. करार करताना तिने सहा महिन्यांनी निविदेच्या कामात घेण्याची अट लिहून घेतली, आणि सध्या ती एका रस्त्याच्या कामाचे तिसरे चालू बिल तयार करते आहे.