फेल्टचे यात्रेकरू बिल्ले: टाके झकास, गोंदाने घात केला

पाच नगांचा सेट मागवला होता, सगळं हाताने शिवलेलं, आत कापूस, वर लटकवायला दोरी. मध्ययुगात युरोपातले यात्रेकरू टोपीला नि झग्याला जे बिल्ले लावून फिरायचे त्यांच्यावरून केलाय. शिंपला, कुपी, रोमच्या किल्ल्या, टोपी आणि झोळी.

आधी शिंपल्याबद्दल, कारण तोच बघून सेट घेतला. सायीच्या रंगाचं फेल्ट, त्यावर साखळी टाक्याने पंख्यासारख्या रेघा काढल्यात आणि त्या सगळ्या खाली टोकाशी एकत्र येतात तिथे दोऱ्याचा अजिबात गुंता नाही. कडेचा काजटाका तर मी पट्टी लावून मोजला (हो, मी तसलीच आहे), इंचाला आठ, अख्ख्या कडेला तेवढेच! स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाला संत जेम्सच्या समाधीवर जाऊन आलेले लोक असा शिंपला लावून परतायचे, सुरुवातीला खराखुरा शिंपलाच, आणि 12 व्या शतकात तर तिथल्या चर्चच्या दारातच विकायला असायचे. म्हणजे यात्रेच्या ठिकाणची दुकानं तेव्हाही होतीच.

कुपी पण छान झालीय, राखाडी फेल्ट घेतलंय ते अगदी बरोबर कारण खऱ्या कुप्या कथील-शिशाच्या असायच्या. पण सोबतच्या कार्डावर तिलाही सान्तियागोचीच म्हटलंय! अहो ती इंग्लंडमधल्या कॅन्टरबरीची खूण. 1170 मध्ये आर्चबिशप थॉमस बेकेटचा तिथल्याच कॅथेड्रलमध्ये खून झाला, आणि त्याच्या रक्ताचा अंश आहे अशी श्रद्धा असलेलं पाणी असल्या कुपीत भरून लोक गळ्यात अडकवून न्यायचे. एवढं शिवणाऱ्या बाईंना कार्ड लिहिताना कोणी सांगायला नको होतं का.

टोपी ठीकठाक, झोळी ठीकठाक.

आता खरी तक्रार. दोरी शिवलेली नाही, मागे गरम गोंदाने चिकटवलीय. तिसऱ्या दिवशी किल्ल्या खाली, दोरी खिळ्यालाच. विक्रेत्याला मेसेज केला तर म्हणे ओढली गेली असेल. कोण ओढणार, भिंत? आणि यातली गंमत अशी की जुन्या बिल्ल्यांची सगळी भिस्त शिवण्यावरच होती, साच्यात ओतलेले, पैशाला पासरी मिळणारे, पण कडेला टाचायला बारीक कड्या मुद्दाम ठेवलेल्या असायच्या. लंडनला थेम्सच्या चिखलात असे कितीतरी सापडलेत. इथे माल कापडाचा, सुई हातात, आणि नेमकं तिथेच गोंद!

सेटमध्ये जर्मनीतल्या आखेनचा आरसा हवा होता असं फार वाटलं. तिथल्या पवित्र अवशेषांचं तेज पकडायला यात्रेकरू छोटे आरसे नेत, आणि छपाईवाल्या गुटेनबर्गने भागीदार घेऊन 1439 च्या यात्रेसाठी हाच धंदा मांडला होता, नेमकी यात्रा वर्षभर पुढे गेली नि बिचाऱ्यांचा माल पडून राहिला. थोड्या टिकल्या लावून फेल्टमध्ये मस्त झाला असता.

पाचपैकी साडेतीन. एक कार्डासाठी कापला, अर्धा गोंदासाठी, खरं तर उलटं करायला हवं होतं. पाचही दोऱ्या उपटून मी जाड सुती दोऱ्याने परत शिवल्यात, अर्धा तास लागला, शिंपला आता माझ्या पिशवीला टाचलाय. घेणार असाल तर सुईदोरा घरात आहे ना बघा आधी.